निवेदक क्रमांक एक

एम.ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या खाडीकाठच्या गावात एवढी शिकलेली मी पहिलीच मुलगी होते. संशोधन म्हणजे काय असतं हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. पनवेलच्या एका कॉलेजात मी तासांवर शिकवत होते. दर जूनला मुलाखत, दर एप्रिलला कामावरून कमी. मुलाखत घ्यायला बसलेले तिघे-चौघे दर वर्षी एकच विचारत, पीएच.डी.चं काय? तेव्हा ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मला नोकरीत कायम व्हायचं होतं.

आमच्या विभागाचे प्रमुख मान्यताप्राप्त मार्गदर्शक होते. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एक लाल. मी त्यांच्याकडे गेले ते एक विषय घरून ठरवून. आधुनिक कवितेतील निसर्ग. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचं गृहीतक काय? हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, ते गृहपाठासारखं काहीतरी मागताहेत. मी म्हटलं, सर, उद्या आणते.

ते हसले नाहीत. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी खुर्ची पुढे ओढायला लावली आणि शांतपणे समजावलं, की आपल्याला एखादी गोष्ट अमुक कारणाने तशी असावी असं वाटतं, ते आधी लिहून ठेवायचं, आणि मग खरं आहे का ते तपासायचं. तपासताना आपण चुकलो असं निघालं तरी ते संशोधनच. मग त्यांनी माझ्या कागदावर निसर्गावर काट मारली आणि विचारलं, तुमचं गाव कुठलं?

मी उलव्याच्या अलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे घरी तुम्ही आगरी बोलता."

पाचवीत मला पनवेलच्या शाळेत घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उभी राहून म्हणाले, "मना नाय माहीत." सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. उघडलं ते थेट 'मला माहीत नाही' असं. पुढे बी.ए., एम.ए. झाले, शिकवायला लागले. विभागात कुणाला माझ्या बोलण्यावरून गाव ओळखता येत नाही याचा मला फार अभिमान होता. सरांनी तोच विषय हातात दिला. आमच्या भागातल्या मिठागरांच्या आणि खारजमिनीच्या कामाची बोली. ते म्हणाले, यावर कुणी नीट काम केलेलं नाही, आणि दहा वर्षांनी करायला काही उरणार नाही. तुमचा तर घरबसल्या विषय आहे.

मला तो नको होता. पण नको म्हणायला माझ्याकडे दुसरं गृहीतकही नव्हतं.

आराखडा लिहायला मला पाच महिने लागले. पहिला खर्डा मी ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रबंधाच्या प्रस्तावनेवर बेतला होता. 'भाषा ही समाजाचा आरसा आहे' अशी त्याची सुरुवात होती. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून लिहिलं, 'कशावरून?' पुढच्या वाक्यापुढे पुन्हा तेच, 'कशावरून?' चार पानांत पंधरा-सोळा वेळा. मी बसस्टँडवर बाकावर बसून ती पानं बघत होते आणि रडू येत होतं. दुसऱ्या खर्ड्यात दहा वेळा, तिसऱ्यात चार. मला संदर्भ कसा द्यायचा, कार्ड कसं करायचं, एका कार्डावर एकच शब्द का लिहायचा, ऐकलेलं आणि आपल्याला वाटलेलं वेगळं कसं ठेवायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. आज मी जे काही धड करते ते त्यांच्याकडून उचललेलं आहे. माझी अडचण तीच आहे. माणूस सरळ वाईट असता तर विसरून गेले असते.

नोंदणी झाली आणि सरांनी मला भाषा प्रयोगशाळेतला टेपरेकॉर्डर दिला. म्हणाले, वयस्क बाई शोधा. फारशी गावाबाहेर न गेलेली, शाळेत न गेलेली. बोली तिच्याकडे मिळेल.

शोधायची काही गरज नव्हती. माझी सख्खी आत्या आमच्याच गावात दिलेली होती. पासष्टीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी लग्न होऊन गेलेली. तरुणपणी मिठागरात मीठ वाहिलेली, नंतर खाडीत शिंपल्यांतले खुबे, चिंबोऱ्या धरून उलव्याच्या बाजारात विकलेली. मिठागरं कधीच बंद पडली होती, जमीन संपादनात गेली होती, तिच्या दारातून आता रेतीचे डंपर जात. तिचं बोलणं ऐकायला लहानपणी आम्ही जेवण सोडून जायचो. सासूचा आवाज, मुकादमाचा आवाज, भांडणारी कोळीण, सगळं ती करून दाखवायची.

पहिल्या दिवशी मी रेकॉर्डर तिच्यासमोर ठेवला, बटण दाबलं आणि म्हटलं, आत्या, मिठागरातलं काहीतरी सांग. तिने पदर नीट केला. मान ताठ केली. आणि टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखी सुरू झाली, "आमच्या गावामध्ये पूर्वी मिठाचे उत्पादन होत असे."

मी बटण बंद केलं. म्हटलं, तसं नाय गो, आपल्यासारखं बोल. ती म्हणाली, "तुज्या सरांना काय वाटंल? तुजी आत्या आडानी हाय?" ती मला वाचवत होती. मी पाचवीपासून जे लपवलं ते तिला न सांगता कळलेलं होतं.

पुढचे दोन महिने मी रेकॉर्डर न काढताच जात राहिले. तिच्याबरोबर भाजी निवडली, खुबे उकडले. मग एका रविवारी तिनेच विचारलं, कुठं हाय तुजा डबा? त्यानंतर ती बोलत गेली. बांधाचे शब्द, चिखलाचे शब्द, खारं पाणी आत घ्यायच्या आणि अडवायच्या दाराचे शब्द, मिठाच्या दाण्याचे आकार, वाऱ्याच्या दिशा, पायाला पडणाऱ्या भेगांची तीन वेगवेगळी नावं. मी घरी येऊन कार्डं करत होते. त्या दिवसांत मला संशोधनाचा खरा आनंद पहिल्यांदा कळला. शेवटचाही तोच, म्हणा. जी भाषा बोलले म्हणून वर्ग हसला होता तिच्यात माझ्या कॉलेजातल्या कुणालाच ठाऊक नसलेलं केवढं तरी होतं आणि ते मी एकटी गोळा करत होते.

अशाच एका दुपारी तिने खांड गेल्याची गोष्ट सांगितली. खांड जाणं म्हणजे उधाणाच्या भरतीत समुद्राकडचा बांध फुटणं. फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि जमीन दोन-तीन वर्षं पिकत नाही, म्हणून सगळं गाव चिखल घेऊन धावतं. आत्या तेव्हा चार दिवसांची बाळंतीण होती. सासूने तिला उठवलं. आत्याने ते सासूच्या आवाजात करून दाखवलं, शिव्यांसकट. डोक्यावर चिखलाचं घमेलं, नेसणं कमरेला खोचलेलं, मागून सासू ओरडतेय, पुढे सासरा पाण्यालाच शिव्या देतोय. ती एवढं रंगवून सांगत होती की मी हसत होते. आणि त्याच सुरात, आवाज न बदलता, ती म्हणाली, "तिसऱ्या दिशी पोर गेला. शेत वाचला, पोर काय वाचला नाय."

मी रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला. ती म्हणाली, "ऱ्हाव दे. बोललं तं बोललं. ह्या माज्या पोरीला पन म्हाईत नाय." थोड्या वेळाने विचारलं, हे कोण ऐकणार. मी सांगितलं, मी, माझे सर आणि परीक्षा घेणारे. आणखी कोणी नाही. ती बरं म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

कॅसेटी मी सरांकडे ठेवत असे. त्यांचंच म्हणणं होतं, खाडीकाठच्या घरात दमट हवेने बुरशी येईल, विभागाच्या कपाटात सुरक्षित राहतील. प्रत्येक कॅसेटबरोबर कार्डांची एक प्रत. मला ते बरोबरच वाटलं होतं.

दोन वर्षांनी आमच्या कॉलेजात राज्यस्तरीय चर्चासत्र भरलं. सरांनीच भरवलं. विषय बोली. त्यात मी माझा पहिला निबंध वाचायचा होता. आठ दिवस मी घरात घड्याळ लावून वाचून बघत होते. सर म्हणाले, नुसतं वाचू नका, दोन मिनिटं ध्वनिमुद्रण ऐकवू. मी मिठाच्या दाण्यांची नावं असलेला भाग सुचवला. ते बरं म्हणाले.

सभागृह भरलेलं होतं. प्राध्यापक होते, शिवाय हजेरीसाठी बसवलेली मुलं. माझं वाचून झालं. टाळ्याही पडल्या. मग सरांनी माइक घेतला, म्हणाले, आता अस्सल बोली ऐका, आणि कॅसेट लावली. पहिल्या वाक्यालाच मला कळलं की ही ती नाही.

"खांड गेली तवा मी चार दिसांची बालंतीन. सासू आली नं बोलली, ऊठ गो सटवे, निजलीस काय म्हशीसारखी..."

सभागृहात हशा उसळला. पुढची शिवी आली, आणखी मोठा हशा. मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना टाळ्या देत होती. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक रुमालाने डोळे पुसत सरांना म्हणाले, काय रसरशीत भाषा आहे हो. मी व्यासपीठावर बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कौतुकाने. मी हसले. खोटं नाही सांगत, नुसतं तोंड वाकडं केलं असं नाही, दात दिसतील एवढी हसले. पाचवीत त्या वर्गात मी जिथे उभी होते तिथे आता आत्या उभी होती आणि मी बाकावरच्या मुलींत होते.

सासऱ्याच्या शिव्यांपर्यंत कॅसेट आली आणि सरांनी ती बंद केली. वेळेअभावी इथेच थांबू, म्हणाले. पुढचं वाक्य काय आहे ते त्या सभागृहात दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्यांना. त्यांना माहीत होतं हे मी नक्की सांगते, कारण त्या कॅसेटच्या कार्डांवर त्यांच्याच लाल खुणा होत्या. मी माइक मागू शकले असते. पुढचं वाक्य ऐकवा एवढंच म्हणायचं होतं. मी प्रमाणपत्र घेतलं, छायाचित्रासाठी सरांच्या शेजारी उभी राहिले आणि जेवायला गेले.

आमच्या गावातली एक मुलगी त्या दिवशी पाहुण्यांना चहा द्यायला होती. आवाज कुणाचा ते तिने ओळखलं. घरी जाऊन तिने कौतुकानेच सांगितलं असेल, तिचा दोष नाही.

पुढच्या रविवारी मी आत्याकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. मला बघून उठली.

"या. बसा. पाणी आणते," ती म्हणाली.

एवढं स्वच्छ 'पाणी' मी तिच्या तोंडून पूर्वी फक्त त्या डब्यासमोर ऐकलं होतं. मी म्हटलं, आत्या, तसा नाय झाला, मी दुसरी कॅसेट सांगितली व्हती, सरांनी बदलली. तिने पेला माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही पण हसलात, खरं का?"

मी पेल्यातलं पाणी प्यायले. माफी मागायला गेले होते, ती मागितली नाही. त्यानंतर ती वारेपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात ती माझ्याशी कधी भांडली नाही, लग्नाकार्यात तोंड फिरवलं नाही. तब्येत कशी आहे, कॉलेज कसं चाललंय, सगळं विचारायची. फक्त 'तुम्ही' म्हणून, आणि पुस्तकातल्या भाषेत.

तिला देवाज्ञा झाली त्याच वर्षी सरांचं पुस्तक आलं. पनवेल-उरण भागातल्या मिठागरांच्या बोलीचा शब्दसंग्रह. विभागात पेढे वाटले. मी घरी आणून उघडलं. माझ्या कार्डांवरचे शब्द होते, माझ्या कार्डांवरचे अर्थ होते, दोन ठिकाणी मी चुकून उलटसुलट लिहिलेले अर्थही तसेच उलटसुलट छापले होते. प्रस्तावनेत शेवटून तिसऱ्या ओळीत होतं, 'या कामी त्या भागातील एका विद्यार्थिनीचे सहकार्य लाभले.' पायाच्या भेगांची तिन्ही नावं एका पानावर होती. त्या पानावर मी बराच वेळ थांबले.

दोन दिवस शब्द जुळवून मी सरांकडे गेले. ते रागावले नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "शब्द कुणाच्या मालकीचे नसतात. माझे नाहीत, तसे तुमचेही नाहीत. ते समाजाचे आहेत." मग जरा थांबून, अगदी आपुलकीने विचारलं, "प्रबंध कधी देताय?"

प्रबंध सादर करायला त्यांची सही लागणार होती. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत देते.

लोक विचारतात, तेव्हा तक्रार का नाही केली. लोक म्हणजे माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, बाकी कुणाला मी सांगितलेलं नाही. कुणाकडे करायची? अर्ज विभागप्रमुखांमार्फत द्यावा लागतो, आणि विभागप्रमुख तेच. शिवाय ते जे म्हणाले त्यात एक खरं होतं आणि तेच मला जास्त लागलं. शब्द माझे नव्हतेच. माझ्याकडून सरांनी घेतले, पण आत्याकडून मी घेतले होते, आणि तिला जे सांगून घेतले ते मी पाळलं नव्हतं.

खरी कमाल पुढेच झाली. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. एकांचा अहवाल आला, काम चांगलं आहे, परंतु या विषयावरील महत्त्वाच्या प्रकाशित ग्रंथाचा संदर्भ उमेदवाराने कुठेही दिलेला नाही, ही गंभीर त्रुटी दूर करावी. ग्रंथ अर्थातच सरांचा. मी सहा आठवडे बसून प्रबंधाच्या पानोपानी तळटीपा घातल्या. आत्याने माझ्यासमोर चिखलाने भरलेल्या हातांनी दाखवून सांगितलेला शब्द, आणि खाली सरांचं नाव, पुस्तकाचं नाव, पृष्ठ क्रमांक. कशावरून? तर यावरून. आत्याचं नाव कुठे घालायची सोयच नव्हती. माहिती देणाऱ्यांची नावं गुप्त ठेवायची अशी रीत आहे, म्हणून परिशिष्टात ती होती 'निवेदक क्र. १, स्त्री, वय ६५, अशिक्षित'. हा शब्द मीच टंकलेखकाला सांगितला होता. रकान्याचं शीर्षक होतं, शिक्षण.

तिचं ते वाक्यही प्रबंधात आहे. नपुंसकलिंगी नामाबरोबर क्रियापदाचं रूप कसं बदलतं, त्याच्या उदाहरणांत. 'शेत वाचला. पोर काय वाचला नाय.' मौखिक परीक्षेत त्या उदाहरणाची तारीफ झाली, फार नेमकं सापडलंय म्हणाले.

पदवी मिळाली. दोन वर्षांत पळस्प्याच्या पुढच्या एका कॉलेजात मी कायम झाले. ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं, आणि पहिला पगार घेतला तेव्हा मला आनंदही झाला. तो झाला नाही असं म्हणणं ढोंग होईल.

मग एका मे महिन्यात आत्याची मुलगी माझ्याकडे आली. ती उरणकडे दिलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सुकट घेऊन आली होती. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बोलता बोलता म्हणाली, "आयचा आवाज हाय ना तुज्याकडं? मोबाइलवर घालून दे. हळदीला लावू. आय असती तं गायली असती."

मी तिला सांगितलं, बघते. दुसऱ्याच दिवशी जुन्या कॉलेजात गेले. सर निवृत्त होऊन पुण्याला गेले होते. भाषा प्रयोगशाळेत संगणक आले होते. शिपाई जुना होता, ओळखीचा. त्याने सांगितलं, कपाटं हलवली तेव्हा कॅसेटी भंगारात दिल्या, त्याला बरेच दिवस झाले. मी सरांना फोन केला. ते आनंदाने बोलले, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले, अहो, सगळं पुस्तकात आलंय की.

आत्याच्या मुलीला मी फोनवर सांगितलं की कॅसेटी राहिल्या नाहीत. ती म्हणाली, ऱ्हाव दे, तू काय मुद्दाम केलंस? आणि लग्नाची तारीख सांगितली.

आत्याचा तो पोर तिला अजून माहीत नाही. तेवढी एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, आणि त्या फोनच्या दिवशी मला वाटलं, आत्याला दिलेल्या शब्दातलं एवढं तरी पाळलं. पण मी पाळलं म्हणजे काय, विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधाची बांधीव प्रत आहे. कुणालाही उघडता येते. अजून कुणी उघडलेली नाही. मध्यंतरी मुद्दाम जाऊन बघितलं, मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता.